सोपो कोणाच्या हाती?

जगात दूरध्वनीचे एकच यंत्र असते तर ती केवळ शोभेची वस्तू ठरली असती. यंत्रे पाच झाली की त्यांच्यात दहा जोडण्या संभवतात. शंभर झाली की ४,९५०. नवा ग्राहक येताच जुन्याच्या यंत्राची उपयुक्तता आपोआप वाढते. यालाच तंत्रज्ञ ‘नेटवर्क इफेक्ट’ म्हणतात. हा विषय तंत्रज्ञांचाच आहे असे मानून सामान्य नागरिकाने त्याकडे पाठ फिरवावी, हे आम्हांस इष्ट वाटत नाही. आज त्याचा संसार आणि व्यापार याच प्रभावावर चालला आहे.

हा प्रभाव एकाच जातीचा नसतो. व्हॉट्सअ‍ॅपवर आपले आप्तेष्ट आहेत म्हणून आपणही तेथे जातो. हा झाला सरळ प्रकार. दुसरा प्रकार म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात दिसतो. गिऱ्हाईक येते म्हणून विक्रेते येतात आणि विक्रेते येतात म्हणून गिऱ्हाईक येते. भ्रमणध्वनीवरील बाजारपेठा व टॅक्सीसेवा याच दुहेरी आकर्षणावर उभ्या आहेत. तिसरा प्रकार माहितीचा. रस्त्यावरील वाहनांची कोंडी दाखविणारा नकाशा त्याच रस्त्याने जाणाऱ्यांच्या भ्रमणध्वनींमुळे अचूक होतो.

हे प्रकार वेगळे ओळखणे अगत्याचे आहे, कारण त्यांची बंधनेही वेगळी आहेत. पहिल्यातून एकट्याने बाहेर पडता येत नाही. सारा गोतावळा मागे राहतो. दुसऱ्यातून बाहेर पडणारा विक्रेता गिऱ्हाईक गमावतो. तिसऱ्यात संचित माहितीच्या अभावी नव्या स्पर्धकाला पायच रोवता येत नाही.

म्हापशाच्या बाजारात सोपो अवाजवी वाटला तर नगरपालिकेला जाब विचारता येतो. डिजिटल बाजारपेठेत जागा, सोपो आणि तराजू ही तिन्ही एकाच मालकाच्या हाती असतात. प्रसंगी तो स्वतःच दुकान मांडून विक्रेत्याशी स्पर्धा करतो. तेथे जाब विचारावयाचा कोणाला?

यावर उपाय नाही असे मुळीच नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील कित्येक गावांत दोन दूरध्वनी कंपन्यांचे ग्राहक परस्परांशी बोलू शकत नसत. व्यापाऱ्याला दोन यंत्रे बाळगावी लागत. अखेर १९१३ साली सरकारच्या दडपणाखाली एटी अँड टी या बलाढ्य कंपनीला आपल्या लांब पल्ल्याच्या तारा इतर कंपन्यांना खुल्या करण्याचे मान्य करावे लागले. आपल्या देशात २०११ पासून क्रमांक तोच ठेवून दूरध्वनी कंपनी बदलता येते. २०१६ साली आलेल्या यूपीआयमुळे एका बँकेचा ग्राहक दुसऱ्या बँकेच्या ग्राहकाला, अ‍ॅप कोणतेही असो, पैसे पाठवू शकतो. तेथे मार्ग सामाईक आहे. स्पर्धा त्यावरून धावणाऱ्या वाहनांची आहे. युरोपीय संघाच्या २०२२ च्या कायद्याने बड्या संदेशसेवांवरही इतर सेवांशी जोडून घेण्याचे बंधन घातले आहे.

कल्पकता आणि भांडवल यांचे मोल आम्ही नाकारीत नाही. परंतु बाजार भरतो तो माणसांच्या येण्याने. ज्यांच्या येण्याने हे मूल्य निर्माण झाले, त्यांना आपली माहिती व आपले संबंध घेऊन दुसरीकडे जाण्याची मोकळीक असली पाहिजे, आणि सोपोच्या दराचा हिशेब मालकाने उघडपणे दिला पाहिजे. ही मोकळीक मालकाच्या मर्जीवर न सोडता कायद्याने द्यावयाची असते, हे शासनाने ध्यानी घ्यावे.