सोपाऱ्याचा आंधळा निर्यामक आणि आजच्या संस्थांचं सुकाणू

1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपाऱ्यात, भातेला तलावाजवळ, काळ्या दगडाचा एक फुटका तुकडा मिळाला. त्यावर ब्राह्मी लिपीतली थोडीच अक्षरं शिल्लक होती, पण ओळख पटायला तेवढी पुरेशी होती. तो सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा भाग होता.

या लेखाचा विषय प्रवास आहे. पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत आणि शिकार, करमणूक करत, असं त्यात सांगितलं आहे. राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर अशोक बोधिस्थळी गेला आणि तिथून धर्मयात्रा सुरू झाल्या. या यात्रांत करायची कामंही नेमकी दिली आहेत. ब्राह्मण-श्रमणांना भेटून दान द्यायचं, वृद्धांना मदत करायची, गावोगावच्या लोकांना गाठून त्यांच्याशी धर्माविषयी बोलायचं. राज्य चालवणाऱ्याने कसं वागावं, हे इथे प्रवासातून सांगितलं आहे आणि ते सांगणारा दगड आजच्या वसई-विरार महानगरपालिकेच्या हद्दीत सापडला आहे.

व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणात प्रवासाची हीच भाषा आज रोज ऐकू येते. कंपनीचा रोडमॅप, प्रकल्पाचे टप्पे, सुकाणू समिती, ‘आपण सगळे एकाच बोटीत आहोत’. चर्चगेटहून विरार लोकलने घरी परतणाऱ्या हजारो नोकरदारांच्या कानांवरून हे शब्द गेलेले असतात. ते वापरायला काहीच हरकत नाही. प्रश्न इतकाच की होडी म्हटल्यावर होडीवरच्या जबाबदाऱ्याही बरोबर येतात. त्या किती जण पत्करतात?

या प्रश्नाचं सर्वांत चांगलं उत्तर एका जातककथेत आहे. सोपारा हे प्राचीन शूर्पारक बंदर. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासग्रंथात त्याचा उल्लेख येतो. सुप्पारक जातकाच्या नायकाचं नावही तेच. पाली कथा त्याला भरुकच्छात, म्हणजे भडोचला ठेवते. आर्यशूराच्या संस्कृत ‘जातकमाले’त मात्र तो ज्या नगरात राहिला, त्याचंही नाव सुपारग आहे. सुप्पारक जहाजं चालवणारा निर्यामक. खाऱ्या पाण्याने त्याची दृष्टी गेलेली असते, तरी 700 व्यापारी त्याच्याकडे येऊन म्हणतात, जहाज तुम्हीच न्या.

जहाज वादळात सापडतं आणि एकामागून एक अनोळखी समुद्रांत शिरतं. कुठे पाणी आगीसारखं दिसतं, कुठे दह्यासारखं पांढरं. दर वेळी व्यापारी विचारतात, हा कोणता समुद्र? सुप्पारक प्रत्येक समुद्राचं नाव सांगतो. शेवटी ते वडवामुख नावाच्या समुद्राशी पोहोचतात. इथे आलेलं जहाज परत जात नाही, हेही तो लपवत नाही. जहाजावर आकांत उडतो. मग तो सत्यक्रिया करतो: समजू लागल्यापासून आपण जाणूनबुजून एकाही जिवाला इजा केली नसेल, तर हे जहाज सुखरूप परतो. जहाज परततं.

कथेतला सर्वांत मोलाचा तपशील पुढचा आहे. त्या समुद्रांच्या तळाशी हिरे, सोनं, पाचू, पोवळी असतात. ते सांगितलं तर लोभापायी व्यापारी जहाज इतकं भरतील की ते बुडेल, हे सुप्पारक जाणतो. म्हणून मासे धरायचा बहाणा करून तो जाळं टाकतो आणि जहाजाला झेपेल इतकंच वर घेतो. किनाऱ्याला लागल्यावर सगळं व्यापाऱ्यांत वाटतो आणि सांगतो, एवढं पुरे, आता पुन्हा समुद्रावर जाऊ नका.

म्हणजे संकट त्याने उघड सांगितलं आणि मोहावर लगाम ठेवला. आजच्या अनेक संस्थांत नेमकं उलटं चालतं. टार्गेट भिंतीवर लागतं, ताळेबंदातलं भगदाड मात्र शेवटच्या दिवसापर्यंत चार जणांनाच ठाऊक असतं. पतपेढ्या आणि सहकारी बँका बुडाल्या की ठेवीदारांना हे फार उशिरा कळतं, आणि त्याची किंमत माणसांची आयुष्यभराची पुंजी असते.

ग्रीसमध्ये प्लेटोनेही ‘रिपब्लिक’च्या सहाव्या भागात राज्याला जहाजाची उपमा दिली. तिथे खलाशी सुकाणूसाठी भांडतात आणि तारे-वारे जाणणाऱ्याला निरुपयोगी ठरवतात.

पण पुस्तकांपेक्षा अर्नाळा, नायगाव, पाचूबंदरचा तांडेल, म्हणजे मासेमारी होडीचा नाखवा, जवळचा. या पट्ट्यात डोल जाळ्याची मासेमारी जुनी आहे. डोल म्हणजे लांब पिशवीसारखं जाळं. समुद्रतळाशी रोवलेल्या खुंटांच्या आधाराने ते प्रवाहाकडे तोंड करून लावतात. भरती-ओहोटीचं पाणी वाहताना बोंबील, जवळा, करंदी आत शिरते. पाणी उलट फिरायच्या आत जाळं उचलावं लागतं. उधाणाला प्रवाह जोरात असतो, भांगाला मंद. त्यामुळे कधी निघायचं हे तिथी ठरवते, तांडेलाची हौस नव्हे. जीपीएस आलं तरी हा हिशेब सुटलेला नाही.

आणि थांबणं हाही त्याच्या कामाचा भाग आहे. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. मासळीच्या प्रजननासाठी ती पाळायची असते. होड्या किनाऱ्यावर येतात, जाळी दुरुस्त होतात आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिला जातो. वर्षाच्या नियोजनात असा विसावा आधीच लिहून ठेवणारी कार्यालयं किती सापडतील? व्यवस्थापनाच्या भाषेत वेग, झेप, घोडदौड यांची रेलचेल आहे. होडी ओढून ठेवण्याला तिथे जागाच नाही.

या रूपकाला मर्यादाही आहेत आणि त्या ओळखल्या पाहिजेत. भरसमुद्रात खलाशी उतरून जाऊ शकत नाही, कर्मचारी राजीनामा देऊ शकतो. सुप्पारकाने हिरे लपवले, पण सहकारी संस्थेचा अध्यक्ष सभासदांपासून नफा लपवू शकत नाही. तो त्यांचा हक्क आहे. शिवाय जिथे मासळीचा वाटा ठरलेला असतो, तिथे मासळी कमी आली की सगळ्यांचाच वाटा घटतो. पगारकपात फक्त खालच्यांची होत असेल, तर ‘एकाच बोटीत’ असल्याचं भाषण तिथे करू नये.

वसई-विरारमधल्या बँका, पतसंस्था, शाळा आणि कंपन्या नेतृत्वाची शिबिरं भरवतात आणि त्यासाठी लांबच्या रिसॉर्टवर जातात. पुढच्या वेळी त्यांनी नालासोपाऱ्यात बुरुड राजाच्या कोटावर जावं. 1882 साली भगवानलाल इंद्रजींनी उत्खनन केलेला स्तूप तिथे आहे. मग अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर एखाद्या तांडेलाला गाठून दोनच गोष्टी विचाराव्यात: आज होडी का काढली नाही, आणि ते खलाशांना कसं सांगितलं. हे ऐकायला संचालकांनी पहिल्या रांगेत बसावं.