देवासच्या दोन पाती आणि घरातले फोटो

धारला आमच्या आत्याकडे काळ्या जाड कागदाचे तीन आल्बम होते. फोटोंच्या कडा पिवळ्या पडू लागल्या, तेव्हा मी पीथमपूरहून ओळीने चार रविवार धारला गेलो आणि एकेक फोटो मोबाईलने टिपला. आत्या शेजारी बसून सांगत असे, ही अमकी मावशी, हा तमक्याचा मुंजीतला फोटो. मोबाईलमधले फोटो आपोआप क्लाउडवर चढत होते, म्हणून मी निर्धास्त होतो. पुढे मोबाईलची जागा भरली. ‘वर आहेतच की’ असे म्हणून मी ते सगळे मोबाईलमधून पुसले. काही महिन्यांनी भाचीच्या लग्नासाठी आजोबांचा फोटो हवा होता. तो वरही नव्हता. कचरापेटीची मुदत केव्हाच उलटली होती. तोवर आत्याही राहिली नव्हती आणि आल्बमची पाने भावंडांत वाटली गेली होती.

चूक माझ्याच समजुतीत होती. ‘सिंक’ आणि ‘बॅकअप’ हे दोन शब्द मी एकाच अर्थाने वापरत होतो. पुष्कळ लेखक, शिक्षक आणि विद्यार्थी आजही तसेच वापरतात. म्हणून हा फरक नीट समजून घेऊ.

सिंक म्हणजे दोन ठिकाणची स्थिती सारखी ठेवणे. मोबाईलमध्ये फोटो आला की तो क्लाउडवर जातो, आणि मोबाईलमधून पुसला की क्लाउडवरूनही पुसला जातो. आरशासमोरून माणूस उठला की आरशातलाही उठतो, तसेच हे. बॅकअप याहून वेगळा. इथे काही पुसले तरी तिथले तसेच राहते, तेव्हाच त्याला बॅकअप म्हणावे.

माळव्यातल्या वाचकांना यासाठी देवासचे उदाहरण पुरेल. पवार घराण्यातील तुकोजी आणि जिवाजी या बंधूंमुळे देवासला थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने झाली. गाव एकच, पण गाद्या दोन आणि कारभारही दोन. १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन होईपर्यंत ती वेगळीच राहिली. थोरल्या पातीच्या हुकमाने धाकट्या पातीचे दप्तर बदलत नसे. आपल्या फोटोंनाही अशा दोन पाती हव्यात. मोबाईल आणि क्लाउड या दोन पाती नव्हेत. ती एकच गादी आहे, फक्त दोन वाड्यांतून दिसणारी.

हल्लीच्या सेवांमध्ये ‘पुसणे’ आणि ‘जागा मोकळी करणे’ अशा दोन वेगळ्या सोयी असतात. दुसरीत वर पोहोचलेल्या फोटोंची मोबाईलमधली प्रत तेवढी जाते, क्लाउडवरची राहते. पहिलीत दोन्हीकडची जाते. गूगल फोटोजमध्ये क्लाउडवर पोहोचलेला फोटो पुसल्यावर ६० दिवस कचरापेटीत राहतो, ॲपलच्या आयक्लाउड फोटोजमध्ये ३० दिवस. चूक तेवढ्या दिवसांत लक्षात आली तरच तो परत मिळतो.

आता जागेचा हिशेब. गूगलच्या खात्यात १५ जीबी जागा विनामूल्य मिळते, पण ती ईमेल, ड्राइव्ह आणि फोटो यांत वाटलेली असते. १ जून २०२१ पासून नवे फोटोही त्याच हिशेबात धरले जातात. एक फोटो सरासरी ३ एमबीचा धरला, तर सगळी जागा फोटोंना देऊनही सुमारे ५,००० फोटो मावतील. चित्रफिती ठेवल्या तर त्याहून फार कमी. घरात चार मोबाईल असतील तर ही जागा पुरणार नाही, हे आधीच गृहीत धरावे. वाढीव जागा विकत घ्यावी किंवा निवड करावी. न पाहता पुसत सुटणे मात्र टाळावे.

कामाला लागताना आधी मूळ प्रत कोणती ते ठरवावे. जुन्या काळी हा प्रश्न फारसा पडत नसे. लाला दीनदयाळ इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीला असताना छायाचित्रणाकडे वळले. त्यांच्या संग्रहातील २,८५७ काचेच्या निगेटिव्ह १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या. ती काच हीच मूळ वस्तू, तिच्याकडे बोट दाखवता येते. आपल्याकडे मात्र एकच फोटो मोबाईलमध्ये, व्हॉट्सॲपवर, लॅपटॉपवर आणि क्लाउडवर असतो. व्हॉट्सॲपने आलेला फोटो सहसा आकाराने लहान झालेला असतो आणि त्यातली तारीख, कॅमेरा यांची नोंदही गळून पडते. म्हणून आप्तांकडून जुने फोटो मागवताना ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावे. एकसारखे दोन सापडले तर मोठा ठेवावा.

मग सगळे फोटो संगणकावर एका जागी आणून वर्षवार ठेवावेत. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस आणि नंतर गाव व प्रसंग लिहावा: ‘१९८६-०५-१२ धार मुंज’. असे लिहिले की फाइली आपोआप कालक्रमाने लागतात. आकडे मराठी किंवा इंग्रजी चालतील, पण सगळीकडे एकाच प्रकारचे हवेत, नाहीतर क्रम बिघडतो. आल्बममधून टिपलेल्या फोटोला संगणक टिपल्याची तारीख देतो, त्यामुळे आजीचे लग्न गेल्या आठवड्यात लागल्यासारखे दिसते. ती तारीख हाताने सुधारावी. नक्की साल माहीत नसेल तर ‘१९६० च्या सुमारास’ एवढे तरी लिहावे.

यानंतर नावे. क्लाउडवर फोटोखाली लिहिलेला मजकूर बहुधा फोटोच्या आत जात नाही. गूगल फोटोजमधला सगळा संग्रह उतरवून घेतला तर तो मजकूर वेगळ्या फाइलींत मिळतो आणि फोटो पुन्हा मुके होतात. म्हणून नावांची यादी स्वतंत्र ठेवावी: फाइलचे नाव, डावीकडून उजवीकडे कोण, कुठे, कोणी सांगितले. यादी युनिकोडमध्येच करावी. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये केलेल्या याद्या दुसऱ्या संगणकावर उघडल्या की निरर्थक अक्षरे दिसतात, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. यादीची एक छापील प्रतही असावी.

शेवटी दुसरी पाती. संपूर्ण संग्रह बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवावा आणि ती काढून कपाटात ठेवावी. सतत जोडलेली डिस्क विजेच्या झटक्याने किंवा व्हायरसने संगणकाबरोबरच जाऊ शकते. आणखी एक प्रत दुसऱ्या गावी, मुलीकडे किंवा भावाकडे द्यावी. प्रती तीन, साधने दोन प्रकारची, त्यांतली एक प्रत घराबाहेर, असा छायाचित्रकारांचा साधा नियम आहे. वर्षातून एकदा, दसऱ्याला म्हणा, डिस्क जोडून पाच-दहा फोटो उघडून पाहावेत. डिस्कही म्हातारी होते.

खात्याचाही वारस हवा. दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते गूगल त्यातल्या मजकुरासकट काढून टाकू शकते. घरातली वडीलधारी व्यक्ती गेल्यावर तिचे खाते कोणी उघडायचे, हे तिच्या हयातीतच ठरवून सेटिंगमध्ये नोंदवता येते.

हे सारे पीथमपूरसारख्या गावात अधिक जपायला हवे. धार, देवासची जुनी मराठी घरे निदान वाड्यांमुळे आणि कागदपत्रांमुळे ओळखली जातात. पण १९८० च्या दशकात इथे कारखाने उभे राहिले, तेव्हा नोकरीसाठी आलेल्या मराठी कुटुंबांचा इतिहास अजून कुठे लिहिलेला नाही. क्वार्टरसमोर उभी केलेली पहिली स्कूटर, हळदीकुंकवाला जमलेल्या शेजारणी, गणपतीतले नाटक यांचे फोटो हेच त्याचे कागद आहेत. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना सुटीत घरातले दहाच फोटो निवडून त्यांची नावे मराठीत लिहून आणायला सांगितले, तरी शाळेपाशी एक चांगला संग्रह उभा राहील.

मी भावंडांकडून पाने मागवून पुन्हा टिपतो आहे. आजोबा सापडले. एका फोटोत मात्र पाच बायका ओट्यावर बसल्या आहेत. त्यांतल्या दोघींची नावे लागली. उरलेल्या तिघींची आत्याने सांगितली होती, पण मी ती तेव्हा लिहून घेतली नाहीत. तो फोटो आता तिन्ही प्रतींत सुरक्षित आहे, आणि यादीत त्या तीन जागा रिकाम्या आहेत.