आमच्या घरावरची छत्री

ही छत्री पावसात डोक्यावर धरायची नव्हे. ही टी.व्ही.ची छत्री. तिला डिश अँटेना म्हणतात.

पूर्वी घरावर काड्यांचा अँटेना असायचा, असे आजोबा सांगतात. तो टॉवरकडे फिरवायचा. चित्रात मुंग्या आल्या तरी माणसे ओळखू येत. आता दूरदर्शनची फ्री डिश आहे. ती २००४ साली सुरू झाली. तिला महिन्याचे पैसे पडत नाहीत. तिचे कार्यक्रम जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतात. तो सुमारे ३६,००० कि.मी. उंच आहे. तो पृथ्वीबरोबरच फिरतो, म्हणून आपल्याला एकाच जागी असतो. आपल्याकडून तो आग्नेय दिशेला येतो.

२०२० साली शाळा बंद होत्या. ताई तेव्हा चौथीत होती. जुलैत सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ लागे, त्यात शाळेचे धडे असत. पण आमच्या टी.व्ही.वर चौकोन चौकोन पडायचे, मग चित्र एकदम बंद. ताईचे तीन दिवसांचे धडे बुडाले. ती फार रडली. डिजिटल चित्राचे असेच असते. येते तेव्हा स्वच्छ येते, नाहीतर येतच नाही.

मग कारण सापडले. छत्री उन्हाळ्यात बसवली, तेव्हा शेवगा छाटलेला होता. पावसाळ्यात तो फुटला आणि बरोबर छत्रीपुढे आला. ओल्या पानांतून लहरी नीट येत नाहीत. दादा शेवगा तोडायला निघाले. आजी म्हणाली, “झाडाला हात लावू नका, छत्रीच हलवा.” छत्री पलीकडच्या भिंतीवर नेली आणि चित्र आले!

छत्री घेताना व बसवताना हे बघा :

१) साधारण दोन फूट रुंदीची छत्री पुरते. पोचा आलेली घेऊ नका. लहरी एका जागी गोळा होत नाहीत.

२) आग्नेयेला मोकळे आभाळ हवे. समोरचे झाड जेवढे उंच, निदान तेवढे लांब असावे. आणि झाड वाढते, हे विसरू नका.

३) खांब सरळ व घट्ट हवा. छत्री थोडी हलली तरी चित्र जाते.

४) वायर लांबलचक नको. जोडात पाणी शिरू देऊ नका.

जोराच्या पावसात चित्र गेले तर छत्री हलवू नका. पाऊस थांबला की ते आपोआप येते. आणि मुलांनी एकट्याने छपरावर चढू नये.

आमचा शेवगा अजून आहे. शेंगाही खातो आणि टी.व्ही.पण बघतो!

— इयत्ता ४ थी