भटकंतीवर पोट भरताना

फिरायला मिळते, छायाचित्रे काढायला मिळतात आणि वर त्याचे पैसेही मिळतात, मग आणखी काय हवे? मुक्त प्रवासलेखकाला लग्नाच्या पंगतीत हमखास ऐकावा लागणारा हा प्रश्न. विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. रविवारच्या पुरवणीत त्याने धुक्यातून वर आलेला राजगड पाहिलेला असतो. त्या एका छायाचित्रासाठी तीन पहाटा संजीवनी माचीवर बसून काढलेला आणि त्यांपैकी दोन पहाटा नुसते पांढरे ढग बघून परतलेला माणूस त्या पानावर कुठेच नसतो. त्याचे मानधन अजून आलेले नाही, हेही त्या पानावर लिहिलेले नसते.

मराठीतल्या एका थोर प्रवासवर्णनाचा उगम पैशाच्या विवंचनेतच आहे, हा योगायोग मोठा बोलका आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे उत्तर हिंदुस्थानात निघाले ते देशाटनाच्या हौसेने नव्हे. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा मिळेल आणि घरचे कर्ज फिटेल, हा त्यांचा हिशेब होता. गाठ पडली ती १८५७ च्या धामधुमीशी. झाशीचा पाडाव त्यांनी डोळ्यांनी पाहिला, लुटलेही गेले आणि मिळकतीच्या नावाने जवळपास रिकाम्या हातांनी घरी परतले. ‘माझा प्रवास’ हे त्यांचे पुस्तक चिंतामणराव वैद्य यांच्यामुळे १९०७ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रवास आधी, लेखन नंतर आणि मोबदला त्याहून कितीतरी उशिरा, हा क्रम आजही फारसा बदललेला नाही.

पुढच्या पिढ्यांतले बहुतेक मराठी प्रवासलेखक पोटापाण्यासाठी प्रवासावर अवलंबून नव्हते. पु. ल. देशपांडे यांची ‘अपूर्वाई’तली विलायतवारी आकाशवाणीच्या नोकरीत असताना घडली. लंडनमध्ये स्थायिक झालेल्या मीना प्रभू पेशाने डॉक्टर होत्या. केवळ लेखणी आणि कॅमेरा यांच्या जोरावर घर चालवू पाहणारा माणूस आपल्याकडे बराच नंतरचा. नव्वदीच्या दशकात वृत्तपत्रांच्या रंगीत पुरवण्या वाढल्या, पर्यटन हा मध्यमवर्गाच्या खर्चाचा नेहमीचा भाग झाला, २००१ मध्ये ‘आउटलुक ट्रॅव्हलर’सारखे खास प्रवासाला वाहिलेले इंग्रजी मासिक निघाले आणि या व्यवसायाला थोडीफार जागा मिळाली.

नेमक्या त्याच सुमारास ती जागा आक्रसण्याचीही सोय होत होती. तोपर्यंत दर्जेदार मासिकांना छपाईसाठी पारदर्शिका, म्हणजे स्लाइड, लागत. एका रोलमध्ये ३६ चित्रे, प्रकाशाचा अंदाज किंचित चुकला की चित्र वाया आणि कुरियरने पाठवलेली मूळ स्लाइड हरवली तर सगळेच संपले. ही जोखीम पेलणारे थोडे होते, म्हणून त्यांना दर मिळत असे. १९९९ मध्ये निकॉनचा डी-१ हा व्यावसायिकांसाठीचा डिजिटल कॅमेरा आला. २००३ मध्ये कॅननने ३०० डी हा मॉडेल हजार डॉलरच्या आत आणला आणि हौशी माणसाच्याही हाती कामचलाऊ नव्हे, तर चांगला कॅमेरा आला. त्याच काळात आयस्टॉकफोटो (२०००) आणि शटरस्टॉक (२००३) या संकेतस्थळांनी छायाचित्रांची घाऊक बाजारपेठ उभी केली. पूर्वी संपादक छायाचित्रकाराला फोन करीत, आता ते ‘ताजमहाल, पहाट’ असे शब्द टाकून शेकडो चित्रांतून एक निवडू लागले. शटरस्टॉकने २०२० मध्ये मोबदल्याची रचना बदलली, तेव्हा काही चित्रांना एका वापरामागे किमान १० सेंट एवढाच दर उरला. जगभरातल्या छायाचित्रकारांनी त्यावर संताप व्यक्त केला, पण चित्रे पुरवणाऱ्यांची रांग काही त्यामुळे थांबली नाही.

एका दौऱ्याचा हिशेब

अशा बाजारात टिकून राहणारे लोक एका प्रवासातून एकच लेख लिहीत नाहीत. समजा, सिंधुदुर्ग जिल्ह्याचा पाच दिवसांचा दौरा आहे. गाडीभाडे, मुक्काम, जेवण, होडी आणि वाटाड्या यांचा खर्च एका मराठी लेखाच्या मानधनातून निघत नाही. तो निघतो तोच मुळी त्या दौऱ्याचे चार-पाच तुकडे केले तर. मालवणच्या किनाऱ्यावर एक लेख पुरवणीसाठी, कुडाळजवळच्या पिंगुळीतल्या ठाकर समाजाच्या चित्रकथी परंपरेवर दुसरा दिवाळी अंकासाठी, विजयदुर्गावर तिसरा इंग्रजी मासिकासाठी, दशावताराची छायाचित्रे एखाद्या दिनदर्शिकेसाठी आणि उरलेली संग्रहात. २०२५ च्या जुलैमध्ये मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले, त्यात विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग दोन्ही आहेत. ज्याच्या संग्रहात या किल्ल्यांची जुनी, नीट नोंदी केलेली छायाचित्रे होती, त्याला त्या आठवड्यात घरबसल्या विचारणा होणे शक्य होते. नोंदी म्हणजे नुसते ‘किल्ला’ नव्हे. कोणता बुरूज, कोणत्या दिशेने, कोणत्या महिन्यात, भरती होती की ओहोटी, हे सारे लिहिलेले असेल तरच दहा वर्षांपूर्वीचे चित्र सापडते. या व्यवसायातला मोठा वेळ डोंगरावर नव्हे, संगणकासमोर जातो तो या कामात.

विजयदुर्गाचाच विषय निघाला म्हणून सांगायचे. १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी नॉर्मन लॉकयर यांनी याच किल्ल्यावरून हेलियमचा शोध लावला, असे वाक्य असंख्य लेखांत आढळते. एकाने लिहिले, दुसऱ्याने उचलले, तिसऱ्याने सजवले. वास्तविक त्या ऑगस्टमध्ये लॉकयर इंग्लंडमध्ये होते. सूर्याच्या कडेवरील ज्वालांचा वर्णपट त्यांनी टिपला तो त्याच वर्षी २० ऑक्टोबरला, इंग्लंडमधूनच आणि ग्रहणाविना. ग्रहणाच्या वेळी भारतातून महत्त्वाचे निरीक्षण केले ते फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सन यांनी, तेही गुंटूरहून. किल्ल्यावरचे ‘साहेबाचे ओटे’ दाखवणाऱ्या स्थानिक माणसाला दोष देण्यात अर्थ नाही. तो ऐकीव गोष्ट सांगतो आणि ती गोष्ट म्हणून छानच आहे. ती तपासून घेणे हे लेखकाचे काम. मात्र त्यासाठी ग्रंथालयात घालवलेल्या दिवसाचे वेगळे पैसे कोणी देत नाही आणि दर शब्दावर ठरत असल्यामुळे तपासून गाळलेल्या वाक्याचे तर उलट नुकसानच होते!

चित्र कोणाचे?

मुक्त व्यावसायिकाला सर्वांत महाग पडणारी गोष्ट कॅमेरा नव्हे, तर न वाचता केलेली सही किंवा मुळात लेखी काहीच नसणे. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यातील कलम १७ या बाबतीत मुळातून वाचण्यासारखे आहे. नोकरीत नसलेल्या लेखकाने लिहिलेल्या मजकुराचा पहिला मालक तो लेखक स्वतः असतो. छायाचित्राचे मात्र तसे नाही. कोणी पैसे देऊन, सांगून छायाचित्र काढून घेतले असेल आणि उलट काही करार नसेल, तर त्या चित्राची पहिली मालकी काम सांगणाऱ्याकडे जाते. म्हणजे एकच माणूस, एकच प्रवास, एकाच मासिकाने दिलेले एकच काम. त्यातले शब्द त्याचे राहतात आणि चित्रे परक्याची होऊ शकतात. हीच चित्रे त्याने स्वतःच्या पुढाकाराने, कोणी न सांगता काढली असती आणि नंतर वापरायला दिली असती, तर ती त्याचीच राहिली असती.

हा फरक ठाऊक नसल्याने अनेकांचे हात पोळले आहेत. एखाद्या पर्यटन कंपनीसाठी तोंडी बोलीवर काढलेली छायाचित्रे पुढे वर्षानुवर्षे माहितीपत्रकांत, फलकांवर, भिंतीवरच्या कॅलेंडरांत झळकत राहतात आणि छायाचित्रकाराला ती रस्त्यातून जाताना दिसतात. हक्क दुसऱ्याला द्यायचेच असतील, तर कायद्यानुसार ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे मानली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता समजला जातो. २०१२ च्या दुरुस्तीने छायाचित्रांवरील हक्काची मुदतही इतर साहित्याप्रमाणे निर्मात्याचे आयुष्य आणि त्यानंतर ६० वर्षे अशी झाली. हक्क विकल्यानंतरही कर्ता म्हणून नाव लागण्याचा दावा कलम ५७ नुसार शिल्लक राहतो. म्हणूनच जाणकार मंडळी काम स्वीकारताना एक साधा ई-मेल धाडतात: किती चित्रे, कोणत्या अंकासाठी, किती काळ, मालकी कोणाची, नाव कुठे छापणार आणि पैसे कधी. त्याला ‘मान्य आहे’ असे उत्तर आले की मगच पिशवी भरली जाते. असा ई-मेल पाठवल्यामुळे काम गेल्याची उदाहरणे आहेतच. ते काम गेले हे बहुधा बरेच झालेले असते.

पैसे कधी, हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारला जातो, खरे तर तो पहिला असायला हवा. मानधन लेख दिल्यावर नव्हे, छापून आल्यावर मिळते आणि तेही महिना-दोन महिन्यांनी. मुळातून कापलेला कर विवरणपत्र भरल्यावर परत येतो. त्यामुळे पावसाळ्यात केलेल्या खर्चाची भरपाई हिवाळ्यात होते. बँकेत घरासाठी कर्ज मागायला गेल्यावर ‘पगाराची पावती आणा’ म्हणणाऱ्या अधिकाऱ्याला दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे दाखवून समजूत काढावी लागते. बहुतेक जण मग लग्नाची छायाचित्रे, कार्यशाळा, भाषांतर, पदभ्रमंतीचे नेतृत्व असे काही ना काही जोडून घेतात. त्यात कमीपणा नाही, फक्त पंगतीत ते सांगितले जात नाही.

फुकटचा पाहुणचार

खर्च वाचवण्याचा एक मार्ग म्हणजे पर्यटन मंडळांचे आणि हॉटेलांचे आमंत्रण. विमानाचे तिकीट, उत्तम खोली, सोबत गाडी. यजमान काही मागत नाही, असे म्हणतात. पण त्याच्या बागेत न्याहारी करून आल्यावर किनाऱ्यावरच्या कचऱ्याबद्दल लिहिताना हात अडखळतो, हे मान्य करायला हवे. काही परदेशी प्रकाशने अशा आमंत्रणावर लिहिलेला मजकूर घेतच नाहीत, काही घेतात पण तळटीप मागतात. आपल्याकडे जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये समाजमाध्यमांवरील प्रभावकांसाठी नियम केले आणि आर्थिक किंवा वस्तुरूप लाभ उघड करणे आवश्यक ठरवले. छापील प्रवासलेखनात मात्र यजमानाचे नाव लेखाच्या शेवटी दिसणे अजूनही विरळाच. वाचक त्या हॉटेलात स्वतःच्या पैशाने उतरणार असतो. त्याला हे कळायला हवे, एवढा साधा हा मुद्दा आहे.

परवानग्यांचे प्रकरण तर स्वतंत्र लेखाचा विषय ठरावा. अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅश चालत नाही हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते, पण पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत तिपाई लावायला वेगळी परवानगी लागते हे तिथे पोचल्यावर कळते. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतच्या यंत्रांना बरीच सवलत आहे, मात्र त्याहून जड ड्रोन व्यवसायासाठी उडवायचा तर चालकाचे प्रमाणपत्र हवे. मुंबईच्या ताजमहाल पॅलेस हॉटेलच्या वास्तूच्या प्रतिमेला २०१७ पासून ट्रेडमार्कचे संरक्षण आहे. पॅरिसचा आयफेल टॉवर दिवसा कोणीही टिपावा आणि विकावा, रात्रीची रोषणाई मात्र स्वतंत्र कलाकृती मानली जाते आणि तिच्या व्यावसायिक वापराला परवानगी घ्यावी लागते. अमेरिकेत पत्रकारितेच्या कामासाठी जायचे तर पर्यटक व्हिसा चालत नाही. अरुणाचल, नागालँड, मिझोराम, मणिपूरला इनर लाइन परमिट लागते. आणि हे सगळे जमवून कोकणात पावसाळ्यात गेलेला माणूस परतल्यावर पाहतो, तर भिंगाला आतून बुरशी लागलेली! हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या यांचे महत्त्व बहुतेकांना पहिले भिंग गमावल्यावरच पटते.

पत्ता द्यावा की नाही?

या साऱ्यापेक्षा अवघड असा एक पेच अलीकडे या मंडळींत चर्चिला जातो. साताऱ्याजवळचे कास पठार फुलांच्या अभ्यासकांना आणि मोजक्या भटक्यांना पूर्वीपासून माहीत होते. लेख आले, छायाचित्रे आली, २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर ते जागतिक वारसा यादीत गेले आणि सप्टेंबरातल्या शनिवार-रविवारी घाटरस्त्यावर गाड्यांच्या रांगा लागू लागल्या. फुलांत बसून छायाचित्र काढून घेणाऱ्यांमुळे रोपे तुडवली गेली. अखेर प्रवेश शुल्क, आगाऊ नोंदणी आणि रोजच्या संख्येवर मर्यादा आली. काजव्यांच्या झाडांखाली मोटारींचे दिवे आणि मोबाइलचे प्रकाशझोत हा अकोले तालुक्यातला त्याच जातीचा अनुभव. पर्यटकांमुळे तिथल्या घरांत चार पैसे येतात, हेही तितकेच खरे. न्याहारी-निवास चालवणाऱ्या बाईला विचारले तर ती गर्दी नको असे म्हणणार नाही.

म्हणून आता काही लेखक गावाचे नाव देतात, पण नेमके ठिकाण देत नाहीत. काही जण छायाचित्रातील जीपीएसची नोंद काढून टाकतात. दुर्मीळ वनस्पती किंवा घरटे असेल तर तालुकाही सांगत नाहीत. संपादकाला मात्र ‘कसे जाल, कुठे राहाल’ ही चौकट हवी असते, कारण वाचक ती कापून ठेवतो. यावर प्रत्येकाने आपापला तोडगा काढलेला आहे. एक तोडगा असा की, चौकट द्यायची, पण त्यात मधल्या वारीच जावे, हे ठळकपणे लिहायचे. ते कितपत पाळले जाते, हा भाग वेगळा.

तोवर पुढच्या हंगामाची तयारी सुरू झालेली असते. कासवरचा लेख ऑगस्टच्या अखेरीस छापायचा, तेव्हा यंदाची फुले उमललेलीच नसतात. त्या लेखासोबतची चित्रे गेल्या सप्टेंबरातली असतात. यंदा चिखलात आडवे पडून टिपलेली चित्रे विकली जातील ती पुढच्या वर्षी आणि त्यांचे पैसे हाती येतील ते बहुधा त्या वर्षीच्या दिवाळीनंतर.