पिवळ्यावर पिवळा

शेतात सूर्यफूल फुललं की आपण म्हणतो, फूल पिवळं आहे. हे खरं आहे, पण पुरतं खरं नाही. जवळ जाऊन नीट पाहा. कोवळी पाकळी लिंबासारखी पिवळी दिसते. जून पाकळी हळदीसारखी. वाळलेली पाकळी कडब्याच्या रंगाची. एका फुलात किती तरी पिवळे रंग असतात! ते पाहायला चित्रकाराची नजर लागते.

आज आम्ही तुम्हांला अशाच एका चित्रकाराची गोष्ट सांगणार आहोत.

त्याचं नाव व्हिन्सेंट व्हॅन गॉग. तो हॉलंड देशाचा. त्याचा जन्म १८५३ सालचा. त्याची चित्रं विकली जात नसत. धाकटा भाऊ थिओ पैसे पाठवी. त्यातच खाणं भागवायचं आणि त्यातच रंग आणायचे. व्हिन्सेंट पोटाला चिमटा घेई, पण रंग आणी.

१८८८ साली तो फ्रान्स देशात आर्ल या गावी राहत होता. पॉल गोगँ नावाचा त्याचा चित्रकार मित्र राहायला येणार होता. मित्राच्या खोलीत काय लावावं? व्हिन्सेंटने ठरवलं, सूर्यफुलांची चित्रं लावू. ऑगस्ट महिना होता. तोडलेली फुलं लवकर कोमेजत. म्हणून तो दिवस उगवताच कामाला बसे.

त्यांतलं एक चित्र आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्यात आहे तरी काय? एक भांडं, भांड्यात सूर्यफुलं, खाली टेबल, मागे भिंत. राजा नाही, देव नाही, माणूसही नाही. समोर वस्तू मांडून काढलेल्या अशा चित्राला वस्तुचित्र म्हणतात.

आता रंग पाहू. भिंत फिकट पिवळी. टेबल गडद पिवळं. फुलं पिवळी आणि भांडंही पिवळं. तुम्ही म्हणाल, मग सगळं एकात एक मिसळून जाईल. पण तसं होत नाही. कारण प्रत्येक पिवळा निराळा आहे. शिवाय देठ-पानं हिरवी आहेत. टेबल आणि भिंत यांच्यामध्ये एक बारीक निळी रेघ आहे. हिरव्या पानांत पिकलेलं लिंबू कसं उठून दिसतं? तसंच इथे होतं. निळ्या-हिरव्याच्या शेजारी पिवळा अधिक उजळतो.

दुसरी गोष्ट पोताची. लुगडं घेताना आपण हाताने पोत पाहतो. चित्राला मात्र हात लावायचा नसतो. तिथे पोत डोळ्यांनी पाहायचा.

हे चित्र तैलरंगाचं आहे. रंगाची पूड तेलात घोटली की तैलरंग होतो. हे तेल बहुधा जवसाचं असतं. आपल्या विदर्भात पिकतं तेच जवस! हे तेल पाण्यासारखं उडून जात नाही. हवा लागून ते हळूहळू घट्ट होतं. म्हणून रंग लोण्यासारखा जाड लावला, तरी तो तसाच उभा राहतो. भिंत सारवली की बोटांचे फराटे राहतात ना? तसे कुंचल्याचे फराटे चित्रावर राहतात. व्हिन्सेंटने बियांच्या जागी रंगाचे जाड ठिपके दिले. ते दाण्यांसारखे खरखरीत दिसतात. पाकळीवर त्याने कुंचला पाकळीच्याच दिशेने ओढला.

त्याच्या पिवळ्या रंगांपैकी काही रंग उजेडाने काळवंडतात. म्हणून ही चित्रं आता फार जपावी लागतात.

मित्र ऑक्टोबरात आला. दोन महिन्यांत दोघांचं बिनसलं आणि मित्र निघून गेला. १८९० साली व्हिन्सेंट वारला. तेव्हा तो अवघा ३७ वर्षांचा होता. पुढे थेट १९८७ साली त्याचं सूर्यफुलांचं एक चित्र लंडनमध्ये लिलावात गेलं. किंमत आली जवळजवळ अडीच कोटी पौंड! त्याला स्वतःला त्यातला पैही मिळाला नाही. पण साध्या फुलाकडे कसं पाहावं, हे तो जगाला शिकवून गेला.

तसं पाहायला पैसा लागत नाही. उद्या सकाळी दाराच्या उजेडात एक कांदा, एक वांगं आणि पितळेचा तांब्या ठेवा. घटकाभर पाहा. वांगं नुसतं जांभळं आहे का? तांब्याचा पिवळा रंग त्याच्यावर कुठे पडलाय? कांद्याचं साल आणि वांग्याची कातडी यांच्या पोतात फरक काय? जेवढे रंग दिसतील, तेवढ्यांची नावं वहीत लिहून काढा.