भुयार सोपं, वर येणं अवघड

हेदवीला आलायत कधी? गुहागर तालुक्यातलं आमचं गाव. दशभुजा गणपतीचं दर्शन झालं की लोक समुद्राकडे उतरतात, बामणघळ बघायला. काळ्या कातळातली अरुंद घळ. भरतीची लाट आत घुसते आणि उंच फवारा उडतो. लहानपणी तिथे एक धडा मिळाला, पाण्याला फट सापडली की ते आत येणारच.

इंटर्नशिपसाठी मुंबईत आले आणि कळलं, तसाच बेसॉल्टचा कातळ या शहराच्या पोटातही आहे. त्यातून मेट्रो ३, म्हणजे ॲक्वा लाइन, धावते. आरे ते कफ परेड, साडेतेहतीस किलोमीटर, २७ स्टेशनं. आरे सोडलं तर बाकी सगळी जमिनीखाली!

आपल्याला वाटतं, सगळ्यात कठीण काम भुयार खोदण्याचं. पण त्यासाठी १७ टीबीएम मशिन्स होती. मशिनचं फिरतं तोंड दगड फोडत पुढे जातं आणि मागे काँक्रीटचे तुकडे जोडून बोगद्याचं अस्तर तयार होतं. २०१७ मध्ये सुरू झालेलं हे खोदकाम नोव्हेंबर २०२२ मध्ये संपलंसुद्धा.

खरी परीक्षा स्टेशनची. कारण तिथे भुयाराला वर यावं लागतं, आणि वर माणसं राहतात. गिरगाव-काळबादेवीचे रस्ते इतके चिंचोळे की अख्खा रस्ता वरून उघडणं शक्यच नव्हतं. म्हणून स्टेशनचा काही भाग आतूनच टप्प्याटप्प्याने खोदला. तरीही काही जुन्या इमारती पाडाव्या लागल्या. तिथल्या रहिवाशांना त्याच भागात नवी घरं देण्याचं ठरलं. स्टेशन ९ ऑक्टोबर २०२५ पासून प्रवाशांसाठी खुलं झालं, घरांचं काम मात्र तेव्हाही चालूच होतं.

हे मला का लागतं, सांगू? कोकणातल्या कितीतरी घरांचा मुंबईतला पत्ता एकेकाळी गिरगाव, लालबाग, परळच्या चाळीतलाच असायचा. चाकरमानी गावी यायचा तो तिथूनच. आज गिरगावात पोचणं सोपं झालंय, पण तिथे उतरून जायचं कुणाकडे?

आणि पाणी? आचार्य अत्रे चौक स्टेशन मे २०२५ मध्ये सुरू झालं. जेमतेम दोन आठवडे झाले आणि २६ मे च्या पावसात पाणी थेट आत. बांधकाम चालू असलेल्या प्रवेशद्वाराची संरक्षक भिंत कोसळली होती. कातळ पक्का होता, फट वर होती. बामणघळ आठवलीच!

मेट्रो नको, असं मी अजिबात म्हणत नाहीये. लोकलच्या गर्दीत चेंगरून झाल्यावर एसी डब्यात बसायला कुणाला नको? पण आता आणिक डेपो-वडाळा ते गेटवे ऑफ इंडिया या मेट्रो ११ लाही राज्य मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली आहे. तीही दाट वस्तीखालूनच जाणार. तेव्हा ‘बोगदा किती झाला?’ हे विचारूच, पण ‘वरच्या माणसांची घरं कधी?’ हेही आत्तापासूनच विचारूया.

पुढच्या वेळी गिरगावला उतरलात, तर सरकत्या जिन्याने वर आल्यावर लगेच मोबाइल काढू नका. दोन मिनिटं थांबा आणि आजूबाजूला बघा. आपण वेळ वाचवला खरा, पण त्यासाठी घर कुणी सोडलं?