बेटांचा जमाखर्च

जेवणाची पाने मांडली जातात तेव्हा आमच्या नेरूळच्या घरात ताटाशेजारी सुईही असते. नात नऊ वर्षांची. पहिल्या प्रकारचा मधुमेह. "आजोबा, मला नवं स्वादुपिंड नाही का मिळत?" असे तिने विचारले आणि बँकेत ३४ वर्षे आकडे तपासलेला मी पुस्तके चाळू लागलो.

अख्खे स्वादुपिंड लागतेच असे नाही. त्यातले इन्सुलिन करणाऱ्या पेशींचे पुंजके, म्हणजे १८६९ साली लांगरहान्सने नोंदवलेली 'बेटे', मृत दात्याकडून घेऊन रुग्णाच्या यकृताकडे जाणाऱ्या शिरेत सोडतात. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात डॉ. रमेश भोंडे यांनीही या बेटांवर वर्षानुवर्षे संशोधन केले. २००० साली कॅनडातील एडमंटनच्या सात रुग्णांचे इन्सुलिन सुटले. पण प्रत्येकाला किमान दोन दाते लागले.

आता सांगा, भरणा केलेली रक्कम गेली कुठे? रक्ताचा स्पर्श होताच दाह उसळतो आणि कित्येक बेटे रुजण्याआधीच मरतात. दाहावर स्टिरॉइड द्यावे, तर त्यानेच साखर चढते! एडमंटनकरांनी ते टाळले. मिनेसोटातील डॉक्टरांनी इतर औषधांच्या जोडीला संधिवाताचे इटानरसेप्ट दिले. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात आठही जणींना एकेकाच दात्याची बेटे पुरली. पाच जणी वर्षाहून अधिक काळ इन्सुलिनविना राहिल्या.

मात्र प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे कायमची घ्यावी लागतात, म्हणून लहान मुलांवर हा उपचार सहसा करत नाहीत. नातीने सगळे ऐकले, दंड पुढे केला.

"पण ती बेटं देणारी माणसं कोण, आजोबा?"

उत्तर द्यायला मला जरा वेळ लागला.